पुढचं उजवं चाक

शिवप्रकाशनं गाडीच्या चाकांना काळा रंग द्यायचं ठरवलं होतं. हौस वगैरे काही नाही, काळ्यावर डाग दिसत नाहीत एवढंच. मानवतला त्याचं सरकी-पेंडीचं दुकान. गाडी वडलांच्या, चन्नप्पांच्या वेळची, पंधरा वर्षांची. चन्नप्पांनी ती घेतली तेव्हा हट्टानं चांदीच्या रंगाची अलॉय चाकं बसवून घेतली होती आणि गल्लीतली पोरं त्या चाकांत तोंड बघून केस नीट करायची. चन्नप्पा जाऊन चार वर्षं झाली. चाकांची रया तर अशी गेली की विचारू नका. रंगाला फोड आले, पोपडे सुटले, खालचा धातू पांढरा पडला.

पण नुसत्या पोपड्यांपायी हा चिकट माणूस परभणी गाठणारा नव्हता. त्याला कारण घडलं दीड महिन्यापूर्वीच्या एका रविवारी. त्याच्या बायकोचा, त्रिवेणीचा, धाकटा भाऊ महारुद्र गंगाखेडहून नवीकोरी गाडी घेऊन आला. सोबत त्याच्या सासरची चार माणसं. दोन्ही गाड्या अंगणात शेजारी उभ्या राहिल्या आणि महारुद्रनं, ज्याच्या जिभेला हाड म्हणून कधी नव्हतंच, सगळ्यांदेखत विचारलं, "दाजी, चाकाला खरूज झाली का काय ओ?"

हशा पिकला. शिवप्रकाशचे कान तापले. दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. ह्यानं काय करावं? दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आपल्या आईकडं हात केला.

"हे सगळे आमच्या अव्वाचे प्रताप. दर सोमवारी चाकावर पाणी ओतायचं, हळद लावायची, भस्म फासायचं. रंग टिकंल का? किती सांगावं, अडाणी माणसाच्या डोक्यात शिरतच न्हाई."

पाहुणे आणखी हसले. शब्द तोंडातून गेला तो ह्याला कळला होता, पण हसणं आपल्यावरून दुसरीकडं वळलं म्हणून, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं होतं.

नीलम्मा, त्याची आई, सत्तरीची. चन्नप्पा गेल्यापासून तिनं हे व्रतच धरलं होतं. सोमवारी घरातली पूजा उरकली की तांब्या आणि भस्माची डबी घेऊन ती गाडीपाशी यायची, चाकावर तीन बोटं ओढायची आणि पुटपुटायची, "माझ्या लेकराला नीट ने, नीट आण." त्या रविवारी तिनं ट्रे टेबलावर ठेवला, कपात चहा ओतला, सगळ्यांना हातात दिला. पुढच्या सोमवारी ती अंगणात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"अव्वा गाडीकडं जाईनात आता," त्रिवेणी म्हणाली.

"बरं झालं," हा म्हणाला. आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. काय म्हणावं ह्या माणसाला!

तर परभणीला जिंतूर रोडवर सिद्धोधनचं रंगाचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याची शेड आणि एक कंप्रेसर, पण हात असा की नांदेडहून गाड्या येतात. शिवप्रकाशनं रंगांचं शेड कार्ड मागितलं आणि काळ्यावर बोट ठेवलं. "चारी काळी करून टाका. झाकलं म्हणजे झालं."

"थांबा मालक. रंग मग बघू, आधी रोग तर बघू द्या." सिद्धोधन गाडीभोवती उकिडवा बसत बसत फिरला. मागची दोन्ही चाकं त्यानं नखानं खरवडली, मग पुढचं डावं. हाताला लागलेली पांढरी भुकटी चोळून बघितली.

"चाकाला तेजाब कुणी लावलं?"

"तेजाब?"

"फरशी धुवायचं असतंय ना, ते. ब्रशनं मारलंय. हे बघा, वघळ कसे खाली उतरलेत. आधी आरशावानी चमकलं असंल, मग दोन-चार महिन्यांत आतून खायला सुरुवात."

शिवप्रकाशला गेली दिवाळी आठवली. दुपारची वेळ, घर झोपलेलं, आणि हा संडासातली बाटली घेऊन चाकं घासत बसलेला. केवढा फेस आला होता! केवढी चमक! स्वतःवरच खूश झाला होता. पुढं फोड आले तेव्हा त्याला शंका आली नव्हती असं नाही. पण नको त्या दारात शंका उभी राहिली की माणूस कडी लावून घेतो. ह्यानंही घेतली.

"आमच्या घरी," त्यानं शेवटचा प्रयत्न केला, "चाकाची पूजा करत्यात. हळद, भस्म. त्यानं तर झालं नसंल?"

सिद्धोधन पुढच्या उजव्या चाकापाशी आला. दारासमोर उभं राहणारं, नीलम्माचं चाक तेच. गुडघे दुखायचे म्हणून बाकीच्या तिन्हींपर्यंत ती कधी गेलीच नव्हती. ह्या चाकावर भस्माचा आणि हळदीचा राखाडी-पिवळा थर बसलेला. दिसायला चारांत सगळ्यात घाण. सिद्धोधननं फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि एकदा गोल फिरवलं.

खाली चांदी निघाली. अगदी चन्नप्पांच्या वेळची. एक फोड नाही, एक पोपडा नाही.

"ह्याला धक्का बी लागला न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "पूजेनं कुठं रंग जातोय का मालक? तेजाबवाल्यानं हे एकच चाक सोडलं बघा."

सोडलं कसलं, बाटली संपली होती. तीन चाकांत संपली, चौथं उद्या करू म्हणून राहिलं ते राहिलंच. शिवप्रकाश त्या स्वच्छ चाकाकडं बघत उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली. बारीकसारीक नाही, अशी लाज की शेजारच्या टपरीवर चहा पिणाऱ्या अनोळखी माणसाकडंही त्याला बघवेना.

"कुणी लावलं पण?" सिद्धोधननं सहज विचारलं.

"वॉशिंगवाल्यानं," शिवप्रकाश म्हणाला.

बघा! इथं ना महारुद्र होता ना त्याची सासरवाडी. खरं बोलायला काही म्हणता काही खर्च नव्हता. तरी ह्याच्या तोंडून पुन्हा दुसऱ्याचंच नाव निघालं, आणि निघाल्या निघाल्या ह्याला स्वतःचीच किळस आली.

"मग काळाच मारायचा?"

"न्हाई." शेड कार्ड त्यानं मिटून ठेवलं. "हे चाक आहे तसं ऱ्हाऊ द्या. बाकीची तीन ह्याच्यासारखी करा."

"अवघड काम सांगायलाव तुमी. नवी चांदी पांढरी दिसती. ही पंधरा वर्षं उन्हात पिकलेली हाय. काळ्यात दोन दिवसांत मोकळे व्हाल."

"लागू द्या दिवस."

मग पत्र्याच्या तुकड्यांवर चांदीचे नमुने मारणं सुरू झालं. पहिला फार पांढरा. दुसऱ्याचा दाणा मोठा, लग्नातल्या जरीसारखा चकचकणारा. तिसऱ्यात सिद्धोधननं काळ्याचा थेंब टाकला, चौथ्यात पिवळ्याचा. दर वेळी तुकडा उन्हात त्या चाकाला लावून बघायचा आणि मान हलवायची. सहावा तुकडा चाकाला लावला तेव्हा कुठं कड दिसेनाशी झाली. "हा," दोघं एकदमच म्हणाले. खालून प्रायमर, वरून लॅकरचे दोन हात. शिवप्रकाशनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: वर रोज पाणी पडलं, भस्म लागलं, तर चालेल ना? सिद्धोधन वैतागला. "अवो मालक, अभिषेक घाला त्याच्यावर!"

आठ दिवसांनी, मुद्दाम सोमवार धरून, शिवप्रकाशनं गाडी अंगणात आणली. चारी चाकं एकसारखी. त्रिवेणी बघतच राहिली. हा आत गेला, आईची भस्माची डबी आणि तांब्या स्वतः घेऊन आला.

"अव्वा, चल. गाडीला भस्म लाव."

नीलम्मा आली. न आल्यासारखी आली. तांब्यात बुडवलेली बोटं तिनं आधी पदराला कोरडी केली, थेंबसुद्धा उडू नये म्हणून. मग वाकली, आणि चाकापुढं, चांगलं वीतभर अंतर ठेवून, जमिनीवर मातीत तीन रेघा ओढल्या.

"चाकावर लाव ना."

"नको बाबा. नवा रंग हाय."

आता मात्र पळवाट नव्हती. बोलावं तर लागणार होतं. त्रिवेणी उभी होती, शेजारची सरजाबाई भिंतीवरून बघत होती. "अव्वा, तुझ्या पूजेनं काही झालं नव्हतं. दिवाळीला म्याच तीन चाकं तेजाबानं धुतली होती, तेवढीच रंगवून आणली. म्या केलं आन तुझ्यावर ढकललं."

"माहीत हाय मला," नीलम्मा म्हणाली. "रिकामी बाटली गाडीखाली पडली होती. मीच तर टाकली उकिरड्यावर."

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?"

"पाव्हण्यांपुढं तुझी इज्जत गेली असती ना रे."

शिवप्रकाश पायरीवर बसला. त्यानं फोन काढला, आवाज मोठा केला आणि महारुद्रला लावला. "महारुद्र, त्या दिवशी म्या अव्वाला अडाणी म्हणलो. चाकं म्या नासवली होती. तुझ्या सासरच्यांना बी सांग."

"कवा दाजी? कशाची चाकं?" तिकडून महारुद्र म्हणाला. "मला तर कायबी याद न्हाई."

हसणारा विसरूनही गेला होता. शिवप्रकाशनं फोन ठेवला आणि आईकडं बघायची हिंमत होईना म्हणून मातीतल्या त्या तीन रेघांकडं बघत बसला.

नीलम्मा गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. तिनं चाकं नीट न्याहाळली.

"ह्यातलं जुनं कंचं?"

त्यानं पुढच्या उजव्या चाकाकडं बोट केलं. ती वाकली, तांब्यात बोटं बुडवली आणि त्या चाकावर ओल्या भस्माची तीन बोटं ओढली. काहीतरी पुटपुटली, ते त्याला नीट ऐकू आलं नाही. मग भस्माची डबी त्याच्या हातात देऊन ती घराकडं वळली.

"बाकीची तीन तुझी," ती म्हणाली. "दर सोमवारी. मला वाकणं होत न्हाई."