रूफसची कवळी

सोमवारी दुपारचा पहिला खेळ म्हणजे अमेरिकेतल्या स्क्रॅन्टन गावच्या थिएटरात न्यायनिवाडाच. मॅनेजर हॅबरकॉर्न वही घेऊन तिसऱ्या रांगेत बसायचा. ज्याचं काम पसंत पडलं नाही, त्याचा थिएटरच्या दाराशी चौकटीत लावलेला फोटो काढून मागे कलाकारांच्या खोलीत परत पाठवायचा. बोलणं नाही, चालणं नाही. फोटो हातात आला की पेटी उचलायची. इथून हाकललेल्याला पुढच्या कुठल्याच गावात कोणी उभं करत नसे.

अँब्रोज ट्विली विंगेत उभा होता. वय अठ्ठावन्न, त्यातली चाळीस वर्षं ओठ न हलवता बोलण्यात गेलेली. मांडीवरचा लाकडी बाहुला रूफस बोलतो आणि आपण गप्प असतो, एवढ्या एका थापेवर तो जगत आला होता. पण शनिवारी त्याने नवी कवळी बसवून घेतली आणि ती निघाली सैल. ओठाने दाबली नाही तर निसटायची. दाबली की ओठ हलायचा.

"आरशात बघितलंस का, म्हाताऱ्या?" कुत्र्यांचा खेळ करणारी विल्मा प्राउटी म्हणाली. "गाय रवंथ करतेय असं वाटतं."

"तुझी कुत्री सांभाळ."

"त्यांना निदान स्वतःचे दात आहेत."

पडदा वर गेला. पहिले दोन विनोद कसेबसे निभावले. तिसऱ्याला पुढच्या रांगेतला एक जाड्या मोठ्याने म्हणाला, "अरे, ओठ बघ त्याचे!"

हे वाक्य अँब्रोजने आजवर फक्त स्वप्नात ऐकलं होतं. तो दचकला. कवळी खट्‌कन खाली आली आणि त्याची वाचाच बसली. हॅबरकॉर्नने वहीचं पान उलटलं.

अँब्रोजने कवळी काढली, रुमालाने पुसली आणि रूफसच्या तोंडात बसवली. त्याचे स्वतःचे ओठ नाडी ओढलेल्या बटव्यासारखे आत गेले. आता त्यांत हलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रूफसने जबडा उघडून मिटून पाहिला.

"नवी आहे," तो बोबडं बोलला. "सवय व्हायचीय."

जाड्या खुर्चीवरून घसरला. हशा थांबेना.

"आणि याला काय झालं?" रूफसने मान वळवली. "गप्प बसलाय. बरंच झालं. चाळीस वर्षं मधे मधे बोलत होता."

सगळे हसत होते. हॅबरकॉर्न लिहीत होता.

खेळ संपल्यावर तो स्वतःच खोलीत आला. फोटो त्याने अँब्रोजच्या हातात ठेवला. कात्रीने कापलेला, अर्धाच. त्यात एकटा अँब्रोज होता.

"तुम्ही रद्द," हॅबरकॉर्न म्हणाला. "रूफस शनिवारपर्यंत राहील."

"अहो, पण साहेब, त्याला बोलवणार कोण?"

"ते त्याचं तो बघेल. पाटीवर त्याचंच नाव लागेल." त्याने रूफसशी हस्तांदोलन केलं आणि तो गेला.

विल्माने दारातून डोकं आत घातलं. "मग? निघालास?"

अँब्रोजने अर्धा फोटो खिशात घातला आणि रूफसच्या पाठीत हात घातला.

"तो राहतोय," रूफस म्हणाला. "माझं सामान उचलायला कोणीतरी लागेल ना."

अँब्रोजचा ओठ तसूभरही हलला नाही.

पुढची एकवीस वर्षं रूफस गावोगाव गाजला. आता तो एका संग्रहालयात काचेमागे बसलेला असतो. खाली पितळी पाटीवर त्याचं नाव आहे. दुसरं कुणाचं नाही. पाहायला आलेले लोक सुताराची तारीफ करतात. बाकीचा बाहुला ठीकठाक आहे म्हणतात, पण दात अगदी खऱ्या माणसाचे वाटतात.