फुलांच्या मागे आई

बटणची आई कापड छापायची. नुसतं छापायची म्हटलं तर तिचा अपमानच व्हायचा. लाकडी ठसा हातात घेऊन ती फुलाला फूल असं जोडायची की सांधा कुठे आहे ते शोधून दाखवा! खालच्या मजल्यावर कारखाना होता. लांबलचक टेबल, रंगाच्या पराती, भिंतीभर ठसे आणि मागच्या अंगणात दोऱ्यांवर वाळत घातलेलं कापड. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड, आणि त्या बिऱ्हाडात वीतभर जागा कोरी असेल तर शपथ! पडदे फुलांचे, चादरी फुलांच्या, सोफ्यावर फुलं, उशांवर फुलं, आणि त्या सगळ्यांमध्ये फुलाफुलांचा झगा घातलेली खुद्द आई. छपाईत कुठे खोट निघाली की ते कापड विकायला जायचं नाही, जिना चढून घरात यायचं. टाकून देणं तिच्या जिवावर यायचं.

बटण साडेचार वर्षांची. खरं नाव कागदोपत्री. घरात बटण, कारण जन्मली तेव्हा तेवढीशीच होती. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला, पहिल्याच आठवड्यात झटके आले आणि महिनाभर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे औषधाने झटके थांबले. पोरगी चालायला उशिरा लागली, पण बोलायला लागली ती अशी, की तोंडाचा पट्टा बंद म्हणून नाही.

सगळं मार्गी लागत होतं. एकच गोष्ट आईच्या काळजात सलत होती. पोरगी तिच्याकडे येत नव्हती.

आत्याकडे मात्र जायची. आत्या म्हणजे बटणच्या बाबांची थोरली बहीण. ती इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची. संध्याकाळी कंपनीचा नारिंगी डगला घालून ती दारात उभी राहिली रे राहिली, की बटण दुडूदुडू धावत जाऊन तिच्या पायांना मिठी मारायची. आणि आईने हाक मारली की? वळायची, चार पावलं यायची, मध्येच थांबायची आणि पडद्याला जाऊन चिकटायची. एकदा आई सोफ्यावर हात पसरून बसली होती, तर ही बया तिच्या शेजारून सरळ पुढे निघून गेली.

"माझ्या अंगाला काय काटे आहेत का हो?" आईने नवऱ्याला विचारलं.

नवरा कढईतला रंग काठीने ढवळत होता. तो दिवसाला दहाच्या वर शब्द बोलायचा नाही. त्यातला एक त्याने खर्च केला. "छे."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, डोळे ठणठणीत आहेत. झालं! डोळे ठणठणीत, म्हणजे पोरीला दिसतंय. दिसतंय आणि तरी येत नाही, म्हणजे तिला आई नकोशी आहे. आईने असा सरळ अर्थ लावला आणि तो मनात धरून बसली. बाई मोठी मानी. हाका मारायच्याच तिने सोडून दिल्या. 'बघू तरी, आपणहून येते का,' म्हणून गप्प बसून राहायची. आणि पोरीला भुलवायला आणखी फुलं छापायची. मोठी, भडक, वर पाखरंही. आता बोला!

पुढे झटक्यांच्या डॉक्टरांच्याच एक गोष्ट लक्षात आली. मोकळ्या टेबलावरचा चेंडू बटण झटकन उचलायची, पण खेळण्यांनी भरलेल्या टोपलीत तोच चेंडू तिला काही केल्या सापडेना. त्यांनी अशा मुलांबरोबर काम करणाऱ्या एका बाईंना घरी पाठवलं. बाई ठेंगणी, हसरी. गळ्यात पिवळा टॉर्च अडकवलेला, म्हणून बटणने तिचं नाव लगोलग टॉर्चबाई ठेवून टाकलं.

दार आत्याने उघडलं. टॉर्चबाई आत आली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "आई घरी नाहीत का?"

"मी इथे आहे की!" सोफ्यातून आवाज आला.

टॉर्चबाई दचकलीच. "अगं बाई! मी तर तुम्हाला उशी समजले हो!"

आत्या भिंतीला टेकून खदाखदा हसायला लागली. आईला काही हसू आलं नाही. आणि मग टॉर्चबाईचंही हसू थांबलं. तिने सोफ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आईच्या झग्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "अशाच बसा. अजिबात बोलू नका." मग बटणकडे वळली. "बटण, आई कुठे आहे गं?"

बटण सोफ्यासमोरून गेली. आईच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेली. पडद्यापाशी पोचली आणि त्यावरून हात फिरवत म्हणाली, "इथे असते. आईचा आवाज इथे असतो."

आई ताडकन पुढे झुकली. "म्हणजे... तिला मी दिसतच नाही?"

"दिसता, पण वेगळ्या निघत नाही," टॉर्चबाई तिच्याजवळ बसली. "डोळे चित्र आत पाठवतात, ते उलगडायचं काम मेंदूचं. हिच्या मेंदूला जन्मताना इजा झालीय. खूप गोष्टी एकत्र आल्या की त्यातली एक वेगळी काढणं तिला जमत नाही. एकटी, एकरंगी, हलणारी वस्तू मात्र पटकन दिसते. ताईंच्या डगल्यासारखी."

"घ्या!" आत्या कपाळावर हात मारून म्हणाली. "मला वाटलं माझी माया. निघाला कंपनीचा डगला!"

आता मात्र आईला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. साडेचार वर्षं! पोरीला भुलवायला छापलेल्या एकेका फुलाने तिलाच झाकून टाकलं होतं. "फाडून टाकते सगळं," ती उठलीच.

"फाडू नका, उतरवा," टॉर्चबाई म्हणाली. "आधी तुम्ही एका रंगात या. मागे काहीतरी कोरं असू द्या. पहिल्याच दिवशी जमेल असं नाही हं. काही मुलांना वेळ लागतो."

सगळ्यांनी मिळून पडदे उतरवले, उशा बांधून ठेवल्या. मग नवीनच पंचाईत. छपाईवाल्यांचं घर, आणि आईला घालायला बिनाफुलाचा एक कपडा सापडेल तर ना! नवरा कारखान्यात गेला, कपाट उघडून आईचा एक फिका झगा काढला आणि लाल रंगाच्या कढईत सबंध बुडवला. फुलं गडप झाली. "लालभडक," तो म्हणाला. "उद्यापर्यंत वाळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात उभी राहिली. पाठीमागे दोरीवर पांढरं कोरं कापड. अंगावर लाल झगा, अजून जरासा दमट. आणि मनात एकच भीती! कालपासून निदान वाटत तरी होतं, फुलांमुळे असेल. आता फुलं नव्हती. आता पोरगी आली नाही, तर दोष द्यायला पडदाही उरला नव्हता. हाक मारायची नाही, फक्त हात हलवायचा, असं टॉर्चबाईने बजावलं होतं. दारात उभ्या आत्याने कुणी सांगायच्या आधीच आपला नारिंगी डगला काढून पाठीमागे लपवला.

बटण उंबऱ्यावर आली. थांबली. मान तिरकी करून दुसरीकडेच बघत राहिली.

आईने हात हलवला. हळू. पुन्हा एकदा.

बटणची मान फिरली. तोंड उघडं राहिलं. मग ती धावली. पायरीवर अडखळली, खाली बसली, उठली, आणि रडायचं साफ विसरून सुसाट येऊन आईच्या पोटावर आदळली. दोघीही कापडासकट मागे कोसळल्या. दमट झग्याचा रंग बटणच्या गालांना, हातांना आणि त्या पांढऱ्याशुभ्र कापडाला लागला.

"सापडलीस!" बटण किंचाळली. तिने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. "कित्ती लपतेस गं तू! मी रोज शोधते, रोज!"

रोज शोधते. आईने तिला घट्ट छातीशी धरलं आणि आनंदाने, भोकाड पसरून रडली. अगदी कारखान्यात ऐकू जाईल एवढ्याने. दाराआड आत्या डगल्याच्या बाहीने नाक पुसत होती.

"आता नाही हो लपणार," आई म्हणाली. "बरेच दिवस तुझ्यावर राज्य होतं. आता माझ्यावर."

"नाही! माझ्यावरच!" बटण तिच्या मांडीवरून उठली आणि उंबऱ्याकडे पळाली. "तू तिथेच उभी राहा. मी परत सापडवते."

त्या दिवशी कारखान्यात एकही फूल छापलं गेलं नाही. लाल बोटं उमटलेलं कापड तसंच पुन्हा दोरीवर चढलं, आणि आई त्याच्यापुढे सतरा वेळा उभी राहिली.