सालोमीच्या घरातली घूस

सालोमीच्या घरात घूस मेली आहे, असं तिच्या मुलानं ठरवून टाकलं होतं. व्हिन्सेंटनं एकदा ठरवलं की खुद्द देवदूत खाली उतरून आला तरी त्यात फरक पडायचा नाही. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की तो आणि त्याची बायको इझाबेल वसई स्टेशनजवळच्या फ्लॅटमधून स्कूटरवर सांडोर गावात एकट्या राहणाऱ्या सालोमीकडे यायचे. गास गावात दिलेली बहीण पॉलिन डबे घेऊन यायची. मग जेवणाआधी सगळे मिळून घूस शोधायचे. कपाटं सरकवली, माळा उपसला, मोरीची जाळी काढून आत काठी घातली. घूस काही सापडेना. फिनेलच्या बाटल्या मात्र संपत होत्या, आणि घरभर भरलेला वास काही हटत नव्हता.

वास तरी कसला! आंबलेला, उबट, घशात चिकटून बसणारा. इझाबेलला आधीच घाण खपायची नाही. शाळेत एखाद्या पोराचे मोजे ओले असले तरी तिला फळ्यापाशी उभ्या उभ्या कळायचं. इथे तर घास तोंडात जाईना. आणि ही बाकीची मंडळी बघावी तर त्याच वासात बसून मटणाचा रस्सा ओरपत होती, हाडं चोखत होती, वर "पॉलिन, आज मसाला झकास जमलाय हां" म्हणत होती. शी! यांची नाकं आहेत की नुसती चष्मा ठेवायची सोय, असं तिला वाटायचं. फादर म्हातारीसाठी कम्युनियनचा प्रसाद घेऊन घरी यायचे, तेही आताशा खिडकीला खेटून उभे राहात आणि प्रार्थना अंमळ घाईनंच उरकत.

सालोमी या सगळ्यांच्या मधोमध खुर्चीत बसलेली. केस चापून बसवलेले, तोंडाला पावडर, अंगावर लाल चौकड्यांचं लुगडं, निऱ्या जागच्या जागी. गावात लुगडं नेसणाऱ्या बायका आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. सुना-लेकी साडीवर आल्या, म्हाताऱ्या मॅक्सीवर आल्या. त्यामुळे सालोमीचं कौतुक फार. येणारा-जाणारा म्हणायचा, "बघा, या वयातही कशी टापटीप!" तिच्याकडे लुगडी होती चार-पाच, पण सगळी लाल चौकड्यांचीच. आज कुठलं आणि काल कुठलं, हे कोण बघतो?

ईस्टरला इझाबेलनं विषय काढला होता. सासूच्या हातातला चहाचा कप थरथरत होता, दूध करपून भांडं काळंठिक्कर पडलं होतं, आणि पायरी उतरताना म्हातारी भिंत चाचपत होती. जेवताना ती म्हणाली, "आयजवळ सकाळ-संध्याकाळ एखादी बाई ठेवूया का?"

व्हिन्सेंटला ते असं झोंबलं की जणू त्याच्याच तोंडात कुणी दुधाची बाटली दिली. "बाई? आमच्या आयला? अगं, नऊवार लुगडं एकटी नेसते ती! तुला नेसता येतं का? बर्थामावशीनं लुगडं सोडून मॅक्सी चढवली आणि महिन्याभरात पोरांनी तिला आश्रमात नेऊन टाकली. आमची आय लुगडं नेसते तोवर तिला काही झालेलं नाही!"

हे सगळं आयच्या देखत. सालोमी हसली आणि मांडीवरच्या निऱ्या हातानं सारख्या करत राहिली. आपल्याला काय, लेक त्यांचा, आय त्यांची, असं म्हणून इझाबेलनं अंग काढून घेतलं.

पावसाळा सरला आणि मग तो वास सुरू झाला.

त्या वर्षी गावातल्या मंडळींनी संस्कृती मेळा घ्यायचं ठरवलं. जुनी भांडी, जुने दागिने, जुनी गाणी आणि स्टेजवर लुगडं नेसलेल्या आजींचा सत्कार. सगळ्यात वरचं नाव सालोमीचं. व्हिन्सेंट तर हवेतच होता. त्यानं नवंकोरं लुगडं आणलं, व्हिडिओवाल्याला सांगून ठेवलं, ऑफिसातल्या साहेबालाही आमंत्रण दिलं. मेळ्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, नवं लुगडं नेसवून बघायला इझाबेल आत गेली. व्हिन्सेंट ओट्यावर बसून मोबाईलवर कुणाला तरी मेळ्याची वेळ सांगत होता.

"आय, उठा बघू. हे सोडा, नवं नेसून बघू."

"नको गो," सालोमी म्हणाली. "यावरनंच गुंडाळ. थंडी वाजते मला."

बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. इझाबेल जवळ गेली आणि वासाचा भपकाराच आला. तिनं पदर नाकाला लावला. मोरीत नाही, माळ्यावर नाही, कपाटाखाली नाही, तो इथेच होता. "आय, हे लुगडं कधी बदललंत?" असं म्हणत तिनं निऱ्यांना हात घातला. त्या सुटेनात. कापड कुठे ओलं, कुठे कडक, बोटांना चिकट. तिनं वाकून पाहिलं.

निऱ्या शिवलेल्या होत्या. जाड काळा दोरा, पोत्याला मारतात तसे वेडेवाकडे टाके, कमरेपासून खालपर्यंत. मागचा कासोटाही तसाच टाके घालून पक्का केलेला.

"हे काय आहे?" तिचा आवाज चिरकला.

सालोमीनं मान खाली घातली. "हात चालत नाय पोरी. एकदा सोडलं तर परत नेसाला जमत नाय. सकाळपासून झटले तर दुपारपर्यंत उभी ऱ्हायले, तरी निऱ्या पडल्याच. म्हून शिवलं."

"कधी?"

"मारियेच्या सणाला."

त्या सणाला सप्टेंबरात नवी कणसं चर्चमध्ये नेली होती. आता दिवाळी तोंडावर आली होती.

"आणि बाथरूमला?"

"कधी जमते. कधी नाय जमत." मग एकदम तिनं इझाबेलचा हात धरला. "विन्सूला सांगू नको. तो बोलला ना, लुगडं हाय तोवर मला काय झालं नाय. मला आश्रमात नाय जायाचं."

इझाबेलनं शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि एकेक टाका कापत गेली. आतलं कापड कातडीला चिकटलं होतं. ते कोमट पाण्यानं भिजवून सोडवावं लागलं, आणि खाली मांड्यांची सालटं गेलेली, लालभडक जखमा. इतके रविवार आपण हातभर अंतरावर बसून नाक मुरडलं, हे आठवून तिला स्वतःचीही शिसारी आली.

"व्हिन्सेंट!" ती ओरडली. "घूस सापडली. आत ये."

तो आला आणि दारातच थबकला. त्यानं आयकडे पाहिलं, जमिनीवरच्या त्या लाल बोळ्याकडे पाहिलं आणि नाक दाबून तोंड फिरवलं. इझाबेलनं सगळं सांगितलं. त्यानं नव्या लुगड्याकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "पण उद्या मेळा आहे ना? तेवढा उद्याचा दिवस... नवं लुगडं वरून गुंडाळ, थोडा सेंट मार. सोमवारी बघू."

इझाबेल त्याच्याकडे बघतच राहिली. खाली पडलेल्या कापडाची घाण साबणानं गेली असती. हा माणूस कशानं धुवायचा?

"उद्या आय कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "आत्ता डॉक्टर येईल. सोमवारपासून सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशा दोन बाया येतील. त्या मिळेपर्यंत मी इथे राहते, शाळेत रजा टाकते. आय याच घरात राहतील. आणि सेंट मारायचाच असेल तर स्वतःला मार!"

"अगं, पण लोक काय..."

"पकड त्यांना. मला एकटीला उचलायला जमत नाही. मोरीत न्यायचंय."

सालोमी चादर गुंडाळून खुर्चीत आखडून बसली होती. व्हिन्सेंट पुढे आला, पण नाकावरचा हात काही निघेना. एकाच हातानं, मान वळवून, त्यानं आयच्या काखेत हात घातला. तिचा तोल गेला.

"विन्सू," ती हळू म्हणाली, "वास येतो तर नाक धर, बाला. पन हा हात सोडू नको. मी पडेन."

म्हातारी काही जड नव्हती. पण धरायला दोन्ही हात लागत होते. व्हिन्सेंटनं नाक सोडलं.