शिट्टी न झालेला बुधवार

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. ॲल्युमिनियमचा आणि एका कानाचा. दुसरा कान कधीच निखळून पडला. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. तुम्ही म्हणाल, एवढा जाडजूड कुकर आणि भितो कसला? जरा पोटात वाफ कोंडून आगीवर बसून पाहा, मग बोला.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या झाकणाला दोन भोकं ठेवली. एकावर शिट्टी बसते, दुसऱ्यात सेफ्टी व्हॉल्व. शिट्टीची वाट तुंबली, तर वाफेने दुसऱ्या वाटेने निघून जावं अशी ती सोय. माझी सगळी हिंमत या दोन वाटांवर होती.

दमयंतीच्या वडिलांनी मला इचोड्याच्या बाजारात तिच्या लग्नासाठी घेतलं. तिच्याबरोबर मी तेलंगणातल्या बेल्लमपल्लीला आलो. तिचा नवरा हेमचंद्र कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरीला होता. राहायला खाणीचं क्वार्टर, दोन खोल्या आणि मागे छोटंसं अंगण. सुरुवातीच्या वर्षांतला माझा थाट काय सांगू! वरण, भात, बटाटे, सगळं माझ्यातच शिजायचं. दमयंती मला स्वतः घासायची, शिट्टीच्या भोकात सुई घालून ते साफ करायची. शेजारणी येऊन म्हणायच्या, "मस्त कुकर हाये वो तुमचा!" मी फुगून जात असे.

मग घरात नवा स्टीलचा कुकर आला आणि माझी रवानगी मटणाकडे झाली. त्या घरची रीतच तशी होती. हेमचंद्रची आई रमाबाई मटण खात नसत आणि स्वयंपाकघरात शिजूही देत नसत. ज्या भांड्यात एकदा मटण शिजलं, ते पुन्हा उंबऱ्याच्या आत येत नसे. मी मागच्या भिंतीवर खिळ्याला लटकलो. कधी रविवारी, कधी बुधवारी अंगणातल्या कोळशाच्या शेगडीवर चढायचं, घाईघाईने विसळून घ्यायचं आणि पुन्हा खिळ्यावर जायचं. शिट्टीच्या भोकात तेलकट मळ साचत गेला. सुई मात्र आतल्या कुकरसाठी आतच राहिली.

एकदा पाणी आटलं आणि माझा सेफ्टी व्हॉल्व वितळून गेला. हेमचंद्रने बाजारात बसणाऱ्या एका कारागिराकडून ते भोक कायमचं बुजवून आणलं.

"अहो, नवा व्हॉल्वच आणायचा ना," दमयंती म्हणाली.

"मटणाचाच तर कुकर हाये. चालून राह्यला ना? मग झालं!"

झालं कसलं? माझी एक वाट गेली. तेव्हापासून शेगडी पेटली की मी त्या उरलेल्या एका वाटेकडेच लक्ष ठेवून बसायचो. रबर तेवढं माझं नवंकोरं होतं, कारण रबर सैल झालं की मटण शिजत नाही. जेवण अडलं की माणसाला लगेच कळतं.

एका बुधवारी संध्याकाळी हेमचंद्र डबा भरून मांस घेऊन आला. त्याच्या साहेबांनी बंगल्यावर टर्की पाळल्या होत्या. त्यातली एक कापून त्यांनी ऑफिसात वाटली होती.

"काय हाये हे?" दमयंतीने विचारलं. ती शाळेत शिकवत असे आणि नुकतीच घरी आली होती.

"टर्की कोडी," त्याने तेलुगू नाव सांगितलं. "कोंबडीची मोठी बहीण समज."

"आता नाही होत माह्याकडून. उद्या करते."

"उद्या गुरुवार हाये!"

गुरुवारी त्या घरात मांस चालत नसे, आणि फ्रीज अजून आला नव्हता. म्हणजे जे करायचं ते आजच. दमयंतीला टीव्हीवर पाहिलेला इटलीचा एक आचारी आठवला. तो असाच मोठा पक्षी टोमॅटो, कांदा, लसूण, कसलासा परदेशी पाला आणि लाल दारूत मंद आगीवर तासन् तास शिजवत होता. ना खोबरं भाजणं, ना वाटण. दमलेल्या दमयंतीला ही इटली फारच पसंत पडली.

तिने दारूच्या जागी चिंचेचा कोळ घेतला. परदेशी पाल्याच्या जागी कुंडीतली ओव्याची पानं तोडली. तासन् तासांच्या जागी तिने मला घेतलं. त्या आचाऱ्याने टोमॅटो गरम पाण्यात बुडवून सोलले होते. हिने सालीसकट अख्खे टाकले. दिवसभर फळ्यापुढे उभी राहिलेली बाई टोमॅटो सोलत बसणार आहे का? टर्कीचे तुकडे मोठे होते, त्यामुळे मी गळ्यापर्यंत भरलो. मग झाकण लागलं.

रस उकळू लागला. सुरुवातीला शिट्टीखालून वाफेची बारीक धार निघत होती, तिच्याबरोबर लसणाचा वास. तेवढ्यात टोमॅटोची एक साल गिरक्या घेत वर आली आणि भोकाला आतून चिकटली. मळाने ते आधीच अरुंद झालं होतं. वाफेची धार थांबली. मित्रांनो, तेव्हा मी इतका घाबरलो की काय सांगू. दुसरी वाट बुजलेली होती. रबर घट्ट होतं. वाफ वाढतच होती.

दमयंती वाट पाहून कंटाळली. "लय जून दिसते टर्की. शिट्टीच होऊन नाही राह्यली," असं म्हणत तिने शेगडीत आणखी कोळसे घातले आणि पंख्याने वारा घातला. नको, नको! पण मी कसं सांगणार? मला बोलायला ती एक शिट्टीच दिलेली.

वाफेने माझं झाकण ताणलं गेलं. आता आपण फुटणार, हे मला कळून चुकलं. तेवढ्यात दमयंतीने चिमटा उचलला. अडकलेली शिट्टी ठोकून मोकळी करावी म्हणून ती माझ्यावर वाकली. तिचा चेहरा अगदी माझ्यावर आला. घामेजलेला, दमलेला, मला लग्नापासून ओळखीचा. फुटायचंच असेल तर ती बाजूला गेल्यावर फुटू दे, एवढंच मी मनात म्हणत होतो.

रमाबाई आतल्या खोलीत नाकाला पदर लावून जप करत बसल्या होत्या. मटणाचा वास त्यांना मुळीच सोसत नसे. त्यांनी पदर काढून पाहिला, तर वास नाही. त्या उठून मागच्या दारात आल्या.

"दमयंती, वास काऊन बंद झाला वं?"

"शिट्टीच नाही झाली, आत्याबाई. ठोकून पाहते."

"वास नाही, वाफ नाही, मंग ते जाऊन कुठं राह्यलं? सर मांगं! मांगं सर म्हणते ना!"

गॅस असता तर बटण फिरवता आलं असतं. कोळशाला बटण नसतं. दाराशी गुरुवारच्या पूजेसाठी वेगळं भरून ठेवलेलं पाणी होतं. त्या बादलीला रमाबाई कुणाला बोटही लावू देत नसत. दमयंती मागे सरताच तीच बादली त्यांनी उचलली आणि दारातूनच माझ्यावर ओतली. फस्सकन राख उडाली, कोळसे विझले, सगळं अंगण वाफेने भरलं. रमाबाईंनी सुनेला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मी अंधारात हळूहळू निवत होतो.

शेवटी हेमचंद्र बाहेर आला. माझ्यात दाब उरला नाही याची खात्री करून त्याने झाकण काढलं, आणि भोकाला आतून चिकटलेली साल त्याला दिसली. तो बुजवलेल्या भोकावरून अंगठा फिरवत राहिला.

"आई, मटणाचाच कुकर म्हणून मी..."

"मटणाचा असो का भाताचा," रमाबाई म्हणाल्या, "त्याच्यापुढं बसते ते माही सूनच ना?"

टर्की लोण्यासारखी मऊ शिजली होती. नवराबायकोने ती ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली, पण इटलीची चव कशी लागते हे कुणी कुणाला विचारलं नाही. नवा व्हॉल्व बसेपर्यंत मला शेगडीवर ठेवलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल. झाकण लावायच्या आधी ते उजेडाकडे धरा. शिट्टीच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. व्हॉल्व बिघडला तर बुजवू नका, नवा आणा. आम्ही फुटलो तर भंगारात जाऊ, आमचं काय एवढं? पण जेवणारे आत बसलेले असतात. शिट्टी का होत नाही म्हणून आमच्यावर वाकते ती तुमची आई असते.