बद्द वाजणारी गाडी

"चाक खोटं बोलत न्हाई, बन्सी. पर त्याला इचारावं लागतं. न इचारता त्ये तोंड उघडत न्हाई."

हौशीराम मिस्त्री जाऊन किती पावसाळे उलटले, पण त्यांचा आवाज बन्सीच्या कानात अजून तसाच होता, पहाटेच्या गारव्यासारखा स्वच्छ. दौंड जंक्शनात गाडी येऊन थांबली की मिस्त्री लांब दांड्याचा हातोडा घेऊन खाली उतरायचे. एकेका चाकावर ठोका घालत डब्यांच्या कडेनं निघायचे आणि त्या ठोक्याच्याच तालावर गुणगुणायचे:

बोल बोल रं लोखंडा, तुझ्या पोटातलं बोल
तुझ्या पाठीवं चाललं, कुना माउलीचं मोल

चाक धड असलं की शाळेच्या घंटेसारखं खणखणीत बोलायचं. त्याला तडा गेलेला असला की बद्द. फुटका माठ बोलतो तसं.

आणि आत्ता, शिरूरच्या शोरूममधल्या चकचकीत फरशीवर उकिडवं बसून, बन्सीनं लाल गाडीच्या चाकाच्या लोखंडी कडेवर आपली छोटी हातोडी टेकवून उचलली. मग मारली.

बद्द.

"ओ मामा, मामा!" शोरूमचा रिजवान हातातला चहा सोडून धावत आला. "काय करताय? गिऱ्हाइकं बघायल्यात!"

"बघू दे. मी बी बघायलोय."

"रबरी चाक हाय मामा ह्ये. ह्ये कसं वाजंल?"

"रबर मला बी दिसतंय. रबराच्या आत काय दडवलंय, त्ये इचारतोय."

"दडवायला काय, आत हवा हाय नुसती!"

शेजारी उभी असलेली गौतमी ओढणीत तोंड लपवून हसली. बन्सीनं ते पाहिलं. ती हसतानाच रिजवानला काहीतरी बोललीही. ओठ हलले, रिजवाननं मान डोलावली. काय बोलली? बापाच्या पुढ्यात, बापाला कळू नये असं काय बोलायचं होतं तिला?

गौतमी त्याची एकुलती एक. रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर होती, कारेगावात खोली घेऊन राहायची. यंत्रातून निघालेले सुटे भाग हातात घ्यायचे, मापायचे, चांगला इकडे, वाईट तिकडे. "आबा, तुमचाच धंदा चालवतेय," असं ती अभिमानानं म्हणायची. सुट्टीला स्कूटीवरून दौंडला यायची. गेल्या हंगामात न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रेलरनं तिला कडेच्या खडीत लोटलं. जीव वाचला, कोपरावर मात्र कायमचा व्रण राहिला. तेव्हाच अंजनानं, तिच्या आईनं, बजावलं: "आता दोन चाकावर न्हाई. चार चाकावर ये, न्हाईतर येऊच नगं."

पोरीनं गाडी शिकून घेतली, बँकेत कागद दिले, आपल्याला झेपतील अशा छोट्या गाड्या हेरल्या. पण एक अट तिनं स्वतःच घातली होती. "आबांनी वाजवून बघितल्याबिगर मी गाडी घ्यायची न्हाई."

कारण या घरात कुठलीच वस्तू बन्सीनं वाजवल्याशिवाय आली नव्हती. बाजारात कुंभारणी उतरल्या की आळीतल्या बाया माठ घेऊन आधी त्याच्या ओट्यावर यायच्या. बन्सी बोटाच्या पेरानं टिचकी मारायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ह्यो ने. ह्यो परत कर." कुणाच्या माठाला कधी पाझर लागला नाही. रेल्वेतली उभी हयात त्यानं संशय घेण्यात घालवली होती, आणि सरकारनं त्याला त्याचाच पगार दिला होता.

"बरं, चाकाचं राहू द्या." रिजवान आत बसला, किल्ली फिरवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "आता इंजिनाचा आवाज ऐका."

बन्सीनं बॉनेटजवळ कान नेला. थांबला.

"चालू कर की मग."

"चालूच हाय की मामा!" रिजवानचा चेहरा खुलला. "हीच तर मजा हाय! कळतसुदिक न्हाई चालू झाली म्हणून!"

बन्सीनं बॉनेटवर तळवा ठेवला. पत्र्याखाली काहीतरी थरथरत होतं, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या पाठीसारखं. म्हणजे चालू होतं खरं. पण आवाज कुठं गेला? इतका आवाज गिळून टाकणारं यंत्र काय भल्याचं असणार? जे बोलत नाही त्याच्या पोटात काय आहे, हे कुणी ओळखावं?

"ही नगं," तो उठत म्हणाला.

"आबा, ही तिसरी."

"मग चवथी बघू."

रिजवाननं गौतमीकडे पाहिलं, गौतमीनं रिजवानकडे. पुन्हा ओठ हलले. बन्सीनं हातोडी पिशवीत टाकली आणि कुणाची वाट न बघता रस्त्यावर येऊन उभा राहिला.

*

दौंडचं घर आता रुळांपासून लांब होतं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि गावाच्या दुसऱ्या अंगाला दोन खोल्या बांधल्या. पहिल्या रात्री बन्सीला झोपच आली नाही. गाड्यांचा आवाज नाही म्हणजे घरात माणूस नसल्यासारखं. पुढंपुढं तो म्हणू लागला, "लांब आलो ना आपण. हितवर कशाला येतोय आवाज?" अंजना त्यावर काही बोलायची नाही. बोलत असेलही.

घर बदललं तशी माणसंही बदलली, असं त्याला वाटायचं. लोक आता हळू बोलायला लागले होते. विहारात वंदना चाललेली असताना मागच्या रांगेपर्यंत काही पोचायचं नाही. पोरं तोंडातल्या तोंडात म्हणतात. चहाच्या टपरीवर आपण गेलो की बोलणं खाली उतरतं. का बरं? आपल्याविषयी चाललेलं असतं की काय?

त्या रविवारी तो ओट्यावर बसला होता आणि आत मायलेकी चुलीपाशी बोलत होत्या. बोलताना अंजनाचे हात हलत होते, गौतमीची मान खाली होती.

"काय कुजबूज चाललीया मगाधरनं?" तो उंबऱ्यात येऊन म्हणाला.

अंजना वळली. "कुजबूज? आवो, शेजारची शेवंताबाई भिंतीपल्याडनं हुंकार देतीया मला! कुजबूज म्हणं!"

"मग गप का झालासा मी आल्यावर?"

"गप कुठं झालो? बोलतोयच की. तुमच्या डोक्यात ना, नुसती किडं झाल्यात संशयाची. त्या पोरीनं किती दिस त्या स्कूटीवर जीव टांगायचा? ही बद्द, ती बद्द! आवो, जगात एक बी गाडी धड न्हाई व्हय?"

"धड असती तर वाजली असती."

"आई, राहू दे," गौतमी म्हणाली. मग त्याच्याकडे वळून ती आणखी काहीतरी बोलली. त्याला फक्त 'रिजवान' एवढंच कळलं.

"त्यो का यायलाय हितं?"

"तेच सांगितलं ना आबा आत्ता. पांढरी गाडी घेऊन येतोय, आपल्याला चालवून बघायला. त्याची खाला, म्हंजी मावशी, दौंडात हाय, म्हणून मुद्दाम येतोय बिचारा."

मुद्दाम. म्हणजे आधीच ठरलेलं. म्हणजे ह्या दोघींचं, रिजवानचं सगळं ठरलेलं, आणि म्हाताऱ्यानं फक्त मान हलवायची.

मायलेकी पाणी भरायला मागं गेल्या. बन्सी न्हाणीपाशी आला. तिथं पितळी हंडा होता, अंजनाच्या माहेरचा. लग्नात आला तेव्हा बन्सीनं तो सगळ्या वऱ्हाडापुढं वाजवून दाखवला होता. त्याचा नाद मांडवाबाहेर रेंगाळत गेला होता आणि नवरी मान खाली घालून हसली होती.

त्यानं बोटाची टिचकी मारली. मग पेर. मग इकडं तिकडं बघून हातोडीचा दांडा.

हंडा कुठंतरी खोल विहिरीत पडल्यासारखा वाजला. दूर. दुसऱ्याच कुणाच्या घरात.

बन्सी तसाच उभा राहिला. मग त्यानं हंड्याच्या बुडावरून हात फिरवला, तडा शोधला. तडा नव्हता. पितळ जुनं झालं असेल. पितळ विटतं. त्यानं हंडा पालथा घातला, हातोडी पिशवीत खुपसली आणि तोंडावर पाणी मारलं. अंजना बादली घेऊन आली तेव्हा तो टॉवेलनं तोंड पुसत होता, पुसायचं संपल्यावरही.

*

पांढरी गाडी आली तशी आळीतली पोरं तिच्याभोवती गोळा झाली. रिजवाननं किल्ली गौतमीच्या हातात दिली. "ताई, तुम्हीच चालवा. मामांना फिरवून आणा. मी तवर खालाकडं जाऊन येतो." मग बन्सीपुढं वाकून तो मोठ्यानं म्हणाला, "मामा, हिला तरी पास करा! न्हाईतर मालक म्हणंल, जा, तूच रेल्वेत जाऊन चाकं ठोक!"

एवढं मात्र बन्सीला शब्दन् शब्द ऐकू आलं. एवढा मोठ्यानं का बोलला हा?

त्यानं खाली वाकून चारी चाकांना हातोडी लावली. दारं उघडून लावली, बिजागरीला ठोका दिला. अंजना दारात पदर दाताशी धरून उभी होती. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. गुपचूप पुढच्या सीटवर बसला, हातोडी मांडीवर ठेवली.

गौतमी छान चालवत होती. खड्डा आला की आधीच हळू, बैलगाडी आली की तिला पुढं जाऊ द्यायची. तिच्या कोपरावरचा व्रण स्टिअरिंग वळवताना दिसायचा आणि झाकला जायचा. रुळांच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, नेहमीपेक्षा मोठ्यानं, "मग? कशी हाय?"

"बद्द हाय."

तिनं गाडी हळू केली. पुढं फाटक लागलेलं होतं, टेम्पो आणि सायकली थांबल्या होत्या. तिनं गाडी उभी केली आणि किल्ली फिरवली. पत्र्याखालचा थरथराट विझला.

"आबा, एक इचारू? राग धरू नका." ती आता त्याच्याकडं तोंड करून बोलत होती. "तुम्हाला मी गाडी घ्यायलाच नकोय का?"

"असं कोन म्हनलं?"

"मग काय हाय मनात? पोरीच्या जातीनं गाडी चालवू नये, असं हाय? का लोक म्हणतील ह्यांना चरबी चढली? का गाडी आली की मी दौंडला यायची बंद होईन? सांगा तरी. तुम्ही म्हणाला न्हाई, तर न्हाई. मी स्कूटीवर येईन. पर खोटं कारण नका सांगू. तुम्ही मला कधी खोटं सांगितलं न्हाई."

तिचे डोळे भरून आले होते. हो म्हणावं, तर ज्या चाकाचं आपण ऐकलंच नाही त्याच्यावर पोरीला बसवायचं. नाही म्हणावं, तर पुन्हा ती उसाच्या ट्रेलरखालून वाट काढत येणार. तो काचेबाहेर बघू लागला.

तारेच्या कुंपणापलीकडं, हाकेच्या अंतरावर, पॅसेंजर उभी होती. डब्यांच्या कडेनं निळ्या शर्टातला एक जवान गडी येत होता. हातात लांब दांड्याचा हातोडा. त्यानं हातोडा उचलला आणि चाकावर मारला.

बन्सीनं श्वास रोखला.

काहीच नाही.

काच. काच वर आहे ना. त्यानं दांडी फिरवून काच खाली घेतली. बाहेरचं ऊन आत आलं, धूळ आली, डिझेलचा वास आला. गडी पुढच्या चाकाशी आला. हातोडा वर गेला, खाली आला.

काहीच नाही.

वारा उलटा असेल. बन्सी दार उघडून उतरला, कुंपणापाशी गेला, तार एका हातानं धरली. वारा नव्हता. तारेला अडकलेलं वाळकं पानही हलत नव्हतं. गडी आता अगदी समोर होता. पोरगा चांगला होता, मनगट सैल ठेवून मारत होता, ठोका मारून क्षणभर थांबत होता, मान किंचित तिरपी करून. हौशीराम मिस्त्रींनी बन्सीला शिकवलेली तीच मान. चाकानं त्याला काहीतरी सांगितलं असणार, कारण तो समाधानानं पुढच्या चाकाकडं गेला.

बन्सीच्या समोर हातोडा नुसता वरखाली होत राहिला. बोल बोल रं लोखंडा. मिस्त्रींचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. तेवढाच येत होता.

गौतमी मागून येऊन उभी राहिली होती. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला.

"आबा? काय झालं?"

"त्यो पोरगा," बन्सी समोरून नजर न काढता म्हणाला, "त्यो वाजवतोय ना?"

"व्हय."

"वाजतंय ना त्ये?"

"व्हय की. किती खणखणीत वाजतंय. कवाधरनं..." ती बोलता बोलता थांबली.

फाटक उघडलं होतं. मागचे लोक हॉर्न देत असावेत, कारण गौतमी वळून हातानं थांबा म्हणाली. बन्सीनं तारेवरचा हात सोडला. गाडीतून उतरताना मांडीवरून नकळत मुठीत आलेली हातोडी त्यानं तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं दांड्याभोवती मिटवली.

"मला येत न्हाई ऐकू, बाय," तो म्हणाला. "लई दिस झालं. चाकं आता तू वाजव. काय म्हणत्यात, त्ये मला सांग."