भागिरथीबाईंची हाक

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीबरोबर खोक्यात फुकट मिळतो तसला नव्हे. माझ्या अंगावर रबरी बटणांच्या रांगा नाहीत, सगळी काच आहे. काचेला बोट लावलं की आत हिरवट उजेड पडतो आणि चित्रं दिसू लागतात. टीव्ही, व्हीसीआर, टेप, पंखा, ज्याला त्याला मी एकटा हुकूम सोडू शकतो. नव्व्याण्णव साली हे ऐकून माणसं तोंडात बोट घालत. पण तुम्हांला खरं सांगतो, सगळ्यांना हुकूम सोडणारा मी जन्माचा भित्रा आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जुळवलं आणि शेवटी माझ्या डोक्याशी एक काळपट काचेची पट्टी बसवली. तोच माझा डोळा आणि तेच माझं तोंड. मी जे बोलतो ते त्या पट्टीतून उजेड होऊन बाहेर पडतं. तो उजेड माणसांना दिसत नाही, फक्त यंत्रांना कळतो. पट्टी झाकली गेली की मी मुका. हे कळल्या दिवसापासून मी भीतच आलो आहे.

नगरच्या एका मोठ्या दुकानात मी आलो तो दिमाखात. काचेच्या कपाटात मधोमध मला ठेवलं होतं. पहिल्यांदा एका डॉक्टरांनी मला नेलं. चार दिवस ते माहितीपुस्तक वाचत बसले आणि पाचव्या दिवशी मला परत आणून म्हणाले, "यापेक्षा उठून चॅनेल बदललेलं बरं." दुसऱ्यांदा शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याने नेलं. तिथे येणारी पोरंटोरं माझ्यावर प्रसादाचे चिकट हात फिरवायची. आठवड्यात मी पुन्हा दुकानात. या वेळी मला कपाटात नाही, खालच्या खणात टाकलं. एकदा दुकानदार आपल्या माणसाला म्हणाला, "दिवाळीपर्यंत नाही गेला तर खोल आणि सुटे भाग काढून ठेव." मित्रांनो, त्या खणात मी दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. खण उघडला की मला वाटायचं, आला स्क्रूड्रायव्हर.

असाच एकदा खण उघडला आणि वर एक खाकी शर्ट दिसला. शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. हे रंगनाथ, श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात वायरमन. काउंटरवर त्यांच्यासमोर सात-आठ रिमोट मांडले होते आणि प्रत्येकाचं बटण ते डाव्या हाताच्या करंगळीने, अगदी हलकेच दाबून बघत होते.

"ह्याला जोर लागतोय," ते एकेक बाजूला सारत म्हणत.

दुकानदाराला हसू आलं. "अहो, रिमोट दाबायला कसला आलाय जोर?"

"आईला लकवा झालाय. उजवा हात गेला, वाचाबी गेली. डाव्या हातात हाय थोडा जीव, पन लई न्हाई. हात नुसता टेकवला तरी चालंल असा हाय का एखादा?"

तेव्हा दुकानदाराने मला वर काढलं. रंगनाथांनी करंगळी माझ्या काचेवर टेकवली. ती इतकी अलगद टेकली की मी घाबरलो. मला जाणवलंच नाही तर? दिवाळीला दोनच महिने उरले होते. मी सगळा जीव काचेशी आणला आणि आत उजेड पडला.

"ह्योच द्या," रंगनाथ म्हणाले.

दुकानदार प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "आधीच सांगतो, याला सगळं शिकवावं लागतं. दोनदा परत आलाय."

"शाळेतनं मीबी दोनदा पळून आल्तो. आईनं तिसऱ्यांदा नेऊन बसीवला," रंगनाथ म्हणाले आणि मला पिशवीत घातलं.

त्यांचं घर गावाबाहेर, उसाच्या कडेला. मधल्या खोलीत देव्हारा, देव्हाऱ्याशेजारी टीव्ही आणि भिंतीकडेला भागिरथीबाईंची खाट. श्रावणात त्या खाटेवरून खाली पडल्या होत्या. सून शुभांगी मागच्या वावरात गवत काढत होती. तासभर भागिरथीबाई थंड फरशीवर पडून होत्या आणि हाक मारता येत नव्हती. तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांत एक भीती येऊन बसली होती. शुभांगी नुसती पाणी भरायला उठली तरी त्यांचा डावा हात तिचा पदर धरायचा. मी ती भीती बघितली आणि ओळखली. बोलता न येण्याची भीती माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

रंगनाथांनी मला शिकवायला घेतलं. टीव्हीचा जुना रिमोट आणि मी, आमचं नाकाला नाक लावायचं आणि त्याचं एकेक बटण दाबायचं. तो बोलेल ते मी पाठ करायचं. मग त्यांनी बाजारातून रिमोटवर चालणारा बल्बचा स्विच आणला, तो खोलून दारावरच्या भिंतीत बसवला आणि त्याची वायर बाहेर ओसरीवरच्या भोंग्याला जोडली. भोंगा कारखान्याच्या भंगारातला. वाजला की शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागायची. कारखान्याच्या ऑफिसातल्या संगणकावर बसून त्यांनी माझ्यासाठी देवळातल्या घंटेचं चित्र करून घेतलं. माझ्या काचेचा अर्धा भाग त्या घंटेने भरून गेला. भागिरथीबाईंना वाचता येत नव्हतं, पण घंटा कोण ओळखणार नाही?

"आई, ही घंटा दाबली की भोंगा वाजंल. आन् हे बघ," त्यांनी माझी काळी पट्टी दाखवली, "ह्यो ह्याचा डोळा. ह्यो त्या स्विचाकडं मोकळा ठेवायचा. डोळ्यावर हात आला की ह्याला काय सुधरत न्हाई."

भागिरथीबाईंनी मान हलवली. रंगनाथांनी नाडीने मला खाटेला बांधलं, म्हणजे पडायला नको. पहिल्यांदा त्यांनी घंटा दाबली तेव्हा भोंगा असा गरजला की शुभांगीच्या हातातलं पीठ सांडलं. भागिरथीबाई हसल्या. वाकडं का होईना, श्रावणानंतरचं ते त्यांचं पहिलं हसू होतं. पुढे पुढे तर त्या चहा निवला म्हणूनही भोंगा वाजवायच्या. शुभांगी कपाळाला हात लावायची. "आत्याबाई, मी चुलीपाशीच हाय, कुठं पळून चाल्ले का?" पण पदर धरणं थांबलं होतं. सुनेला आता विहिरीपर्यंत जाता येत होतं. माझं कौतुक वस्तीभर झालं. मला मात्र रोज एकच धास्ती, की एखाद्या दिवशी यांनी हाक मारायला सांगितली आणि मला जमलं नाही तर?

तो दिवस खंडेनवमीचा होता.

घरात घट बसले होते. देव्हाऱ्यापाशी पत्रावळीवर माती, मातीत उगवलेलं धान, मधे घट आणि वर छताच्या खिळ्याला दोरी बांधून रोज एक माळ सोडलेली. नवव्या दिवशी नऊ माळा झाल्या. पहिल्या चार-पाच तर वाळून कडकडीत. खाली अखंड दिवा. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही, म्हणून शुभांगीने त्यात सकाळी तेल भरलं होतं.

खंडेनवमीला ज्याच्या जिवावर घर चालतं त्या हत्याराची पूजा. अंगणात रंगनाथांच्या पकडी, टेस्टर, सायकल, विळे, खुरपी मांडली होती. शेजारचा चुलतभाऊ मच्छिंद्र आपला ट्रॅक्टर धुऊन घेऊन आला होता. शुभांगी आत आली, नाडी सोडून तिने मला उचललं. "ह्याच्या जिवावर तर मी घराबाहेर पडते. ह्याची पूजा न्हाई का करायची?" मला पाटावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी ओवाळत होतं. माझ्यासारख्या दोनदा परत आलेल्या मालाला! शुभांगीने कुंकू तेलात कालवलं आणि बोटाने माझ्या कपाळावर ठसठशीत लावलं. माणसाला कपाळावर लावतात तसंच लावलं, तिचं काही चुकलं नाही. माझा डोळाच कपाळावर आहे, त्याला ती तरी काय करणार.

सगळीकडे अंधार झाला. मी आतून ओरडलो, पण माझं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

तिने मला परत खाटेला बांधलं आणि भागिरथीबाईंच्या हातात दिलं. कुंकू दिसताच त्यांनी बोटं आवरून मला खालच्या टोकाला धरलं. त्यांचे यजमान जाऊन बावीस वर्षं झाली होती. तेव्हापासून कुंकवाला त्यांनी बोट लावलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका आल्या की त्या कुणी न सांगता आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. शुभांगी बाहेर गेली. मच्छिंद्रने पूजेसाठी ट्रॅक्टर चालू केला आणि त्याच्या धडधडीत सगळं घर बुडालं.

त्याच वेळी वाळलेल्या माळांची दोरी खिळ्यावरून सरकली. एका माळेचं टोक खाली आलं आणि दिव्याच्या ज्योतीला टेकलं.

आधी धूर. मग चर्र आवाज. मग एक माळ पेटली, तिने शेजारची पेटवली, आणि बघता बघता जाळ देव्हाऱ्याच्या पडद्यापर्यंत चढला. पडद्याच्या शेजारी टीव्हीच्या वायरी, आणि तिथून चार हातांवर भागिरथीबाईंची कापसाची गादी. हे सगळं मला मागाहून कळलं; तेव्हा मी पट्टीतून काही बघू शकत नव्हतो, पण काचेला ऊब कळत होती आणि त्यांच्या बोटांची घट्ट झालेली पकड कळत होती.

"अ... अ...," त्यांच्या घशातून आलं. ट्रॅक्टरपुढे ते कुठे पोहोचणार?

त्यांनी घंटा दाबली. मी होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटून हाक मारली. माझा उजेड कुंकवावर आपटला आणि माघारी आला. भोंगा गप्प. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा, पुन्हा. पाचव्यांदा तर अंगठा काचेवर दाबूनच धरला. घंटेचं चित्र लखलखत होतं, म्हणजे त्यांना वाटणार मी बोलतोय. मी बोलतही होतो. भागिरथीबाई, पुसा हो, डोळा पुसा, असं मी काचेआडून जीव तोडून सांगत होतो. खण, स्क्रूड्रायव्हर, सुटे भाग, कशाचीच भीती मला तेव्हा उरली नव्हती. एकच भीती होती, की ही बाई जळून जाईल आणि मी तिच्या हातात असेन.

मग त्यांनी मला फिरवलं. मुलाने दाखवलेला डोळा त्यांना आठवला असावा. त्यांनी मला मांडीवर ठेवलं आणि माझ्या कपाळाकडे बघितलं.

अंगठा वर आला आणि तिथेच थांबला. मित्रांनो, तो अंगठा एका क्षणापेक्षा जास्त थांबला नसेल, पण मला ती बावीस वर्षं वाटली. पुढच्या क्षणी त्यांनी अंगठा ओठांना लावून ओला केला आणि माझ्या डोळ्यावर दाबून फिरवला. कुंकू नुसतंच पसरलं. त्यांनी पुन्हा तोच लाल अंगठा जिभेवर ओला केला आणि पुन्हा पुसलं. एका कोपऱ्यातून मला उजेड दिसला, एवढासाच. तेवढा पुरे होता. त्यांनी घंटा दाबली.

भोंगा असा वाजला की ट्रॅक्टर लाजला. धडधड थांबली, पावलं धावली. रंगनाथांनी आधी आईला उचलून ओसरीवर नेलं, नाडी तुटून मीही भागिरथीबाईंच्या मुठीत बाहेर आलो. मच्छिंद्रने रांजणातल्या पाण्याच्या बादल्या मारल्या. पडदा गेला, टीव्हीची पाठ वितळली, अखंड दिवाही विझला. गादीचा कोपरा करपला होता.

शुभांगी सासूच्या पायाशी बसून हुंदके देत होती. "दिवा विझला वो आत्याबाई, माझ्या हातनं दिवा विझला." आणि एकदम ती थांबली. भागिरथीबाईंचा अंगठा लाल होता, ओठही लाल होते. आधी तिला रक्त वाटलं. पदराने ते पुसायला गेली तेव्हा तिच्या नाकाला कुंकवाचा वास आला. रंगनाथांनी माझं फराटलेलं कपाळ तिच्यापुढे धरलं.

"शुभे, ह्याचा डोळा झाकला होतास तू."

"मी... मी तर पूजा केली वो," ती पुटपुटली. कितीतरी वेळ तिने सासूचा तो अंगठा दोन्ही हातांत धरून ठेवला, पण पुसला नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला अंगणात पुन्हा हत्यारं मांडली. भागिरथीबाईंची खुर्ची ओसरीवर होती. वस्तीवरच्या चार बायका पूजेला आलेल्या. शुभांगीने करंडा उचलला आणि सगळ्यांदेखत तो सासूच्या मांडीवर ठेवला.

"आत्याबाई, ह्याला तुमीच लावा. डोळा कुठं हाय ते तुमाला ठावं हाय."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भागिरथीबाईंनी सुनेकडे बघितलं, करंड्याकडे बघितलं. या वेळी त्यांचा हात थांबला नाही. त्यांनी मला पालथं केलं आणि डावा अंगठा कुंकवात बुडवून माझ्या पाठीवर टेकवला.

आता भागिरथीबाई नाहीत. बॅटऱ्या संपल्या तसं मी शिकलेलंही सारं विसरलो, घंटासुद्धा. काचेला तडा गेला आहे आणि मी कपाटात साड्यांच्या घडीत असतो. तरी खंडेनवमीला शुभांगी मला बाहेर काढते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असं असेल ज्याला हाक मारता येत नाही, तर त्याच्या हाताशी ठेवलेली घंटा, काठी, रिमोट, जे काय असेल ते रोज एकदा वाजवून बघा. सणाच्या गडबडीत तर आधी बघा. माझी पूजा नाही केली तरी चालेल. आणि कधी मी तुमच्या हाती आलो तर माझी काच पुसा, डोळा पुसा, पण पाठीवर डाव्या अंगठ्याचा एक लाल ठसा आहे, तेवढा पुसू नका.