अंबडकडची दैवशाला

"उषे, कानामागची चामखीळ कुठं गेली गं तुझी?"

गोपिकाबाईंची बोटं उषाबाईच्या उजव्या कानामागं थांबली होती. म्हातारीला चार वर्षांपासून दिसत नव्हतं, पण बोटं अजून शाबूत होती. ती पाळीपासून केसांपर्यंत गेली, सांडलेलं काही शोधावं तशी, आणि रिकामी परत आली. खाटेशेजारी उभा असलेला म्हातारीचा मुलगा अंगद श्वास रोखून बघत राहिला. त्याची बायको केशरबाई वेळ सावरायला पुढे झाली.

"दवाखान्यात काढली ना त्यांनी, आत्याबाई. मागच्या साली."

"तुला न्हाई इचारलं," म्हातारी म्हणाली.

चामखीळ काढलेली नव्हती. या कानामागं ती कधी नव्हतीच. जिच्या कानामागं होती ती उषा, गोपिकाबाईंची थोरली लेक, एकोणचाळीस वर्षांपूर्वी पिंपळगाव रेणुकाईला सासरच्या विहिरीत बुडून गेली. आठ महिन्यांनी तिच्या नवऱ्यानं, राधाकिसनरावांनी, दुसरं लग्न केलं. ही दुसरी अंबडकडची, एकोणीस वर्षांची, नाव दैवशाला. लग्नात बायकोचं नाव बदलायचंच तर माणसानं नवं नाव तरी शोधावं. राधाकिसनरावांनी तेवढीही तसदी घेतली नाही. ताटातल्या तांदळावर अंगठीनं त्यांनी 'उषा' लिहिलं. घरात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलंय, शिवाय रेशनकार्ड बदलायला नको, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आपणही तिला उषाबाईच म्हणू. ती स्वतः तेच म्हणते. अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं तिनं याच नावाची सही केली.

नावामागोमाग गळ्यात सवतीचा टाक आला. चांदीचा, नखाएवढा, त्यावर पहिलीचं रूप कोरलेलं. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. पंधरा दिवसांत मंठ्याजवळच्या या गावाहून गोपिकाबाई आल्या, तिला पोटाशी धरून म्हणाल्या, "आता तूच माझी उषा." त्यात वावगं काही नव्हतं. गेलेल्या लेकीच्या जागी आलेलीला लेक मानायची रीतच आहे. तेव्हापासून हेच तिचं माहेर झालं. दिवाळीला अंगद घ्यायला यायचा, आक्का म्हणायचा. "तुला आवडती ना," म्हणत गोपिकाबाई तिच्या ताटात येसर आमटी वाढायच्या. पहिल्या वर्षी त्या भाजक्या मसाल्याच्या वासानं तिनं ताट बाजूला सारलं. तिसऱ्या वर्षी ती मागून घ्यायला लागली.

एवढं चालायचंच. पण काही गोष्टींनी ती मनातून घाबरायची. अंबडकडे असताना ती भावांच्या बरोबरीनं विहिरीत उड्या मारायची, तळाची माती मुठीत आणून दाखवायची. लग्न झालं आणि ती विहिरीच्या काठापासून चार हात लांब उभी राहू लागली. पोहता येत नव्हतं ते पहिल्या उषेला. पुढं लेक झाली, मोनिका, तेव्हा ती बाळंतपणाला इथंच आली होती. एका दुपारी पाळण्याशी ती काहीतरी गुणगुणत होती, ते ऐकून गोपिकाबाईंच्या हातातला तांब्या पडला. ते गाणं त्यांनी स्वतः जुळवून उषेसाठी म्हटलं होतं, दुसऱ्या कुणासाठी कधीच नाही. "तुम्हीच म्हणलं असंल माझ्यासमोर," उषाबाई म्हणाली. नंतर कितीतरी दिवस ती आपल्या आईचं एखादं गाणं आठवत बसायची. एकही आठवलं नाही. आणि आता विचारायला अंबडकडे कुणी उरलं नव्हतं. दैवशाला म्हणून हाक मारणारं शेवटचं माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आज सकाळी ती एसटीतून उतरून आली तेव्हा अंगदनं तिला ओसरीतच थांबवलं होतं.

"आक्का, बारा दिवस झाले, आईच्या पोटात अन्न न्हाई. जीवबी सुटून न्हाई राह्यला. एकच धरून बसली हाये. उषाआक्का गेली त्या दिवशी दुपारी आई खळ्यावर ज्वारी उपणून राह्यली व्हती. तव्हा म्हणं तिला 'आई' अशी हाक ऐकू आल्ती. भास असंल म्हणून ती उठली न्हाई. संध्याकाळी निरोप आला."

"मंग मी काय करू, अंगद?"

"तिला कधी वाटतं उषा गेली, कधी वाटतं नांदून राह्यली. दोन्हीबी बराबर वाटतं तिला. तिच्या लेखी तूच उषा. तू फक्त म्हण, 'न्हाई आई, मी हाक न्हाई मारली.' तेवढ्यानं सुटंल ती."

उषाबाईनं मान हलवली होती. अडतीस वर्षं जे केलं, त्यात हे एक वाक्य काही जड नव्हतं. पण चामखिळीचा विचार कुणीच केला नव्हता.

"तू माझी उषा न्हाईस," गोपिकाबाई शांतपणे म्हणाल्या. "कोण हायेस गं तू?"

अंगदनं हातानं खुणावलं, उषाच म्हण. तेच म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि ते नाव येईना. मग तिनं आत दुसरं काही सापडतं का पाहिलं. बराच वेळ काहीच सापडलं नाही. अंगणवाडीतली पोरं, नवऱ्याचा दमा, येसराची फोडणी, सगळं होतं, पण ते कुणाचं आहे हे सांगणारं आत कुणी नव्हतं.

"दैवशाला," ती म्हणाली. दूरच्या एखाद्या मामेबहिणीचं नाव घ्यावं तसं ते ऐकू आलं.

"दैवशाला." म्हातारीनं विचार केला. "अंबडकडची?"

"हां."

"ती तं गेली ना, बाई."

केशरबाईनं पदर तोंडाशी नेला. अंगद म्हणाला, "आई, काय बोलून राह्यली तू." म्हातारीनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

"इहिरीत गेली. लई पवायची म्हणं पोरगी. तळाची माती आणायची मुठीत. एक डाव खाली गेली ती वर आलीच न्हाई."

हे आपण इथं कधी कुणाला सांगितलं होतं, ते उषाबाई आठवू लागली. सांगितलं असणारच. पण कधी, ते काही आठवेना.

"माझी उषा नांदती हाये," म्हातारी पुढं म्हणाली. "पोरगी झाली तिला. मंग खळ्यावर मला हाक ऐकू आली ती कोणाची? त्या दैवशालाची का?"

अंगदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यानं आता काही खुणावलं नाही. काय उत्तर द्यायचं ते आपल्या एकटीच्या हातात आहे, हे उषाबाईला कळलं. तिला भीती वाटली. हो म्हटलं की दैवशालाचं जे काही थोडं उरलं असेल तेही जाईल, आणि ते परत मागायला कुणाकडं जायचं? पण समोर पडलेली ही बाई अडतीस वर्षं तिची आई होती. हिनंच तिची बाळंतपणं केली, तापात उशाशी बसली. आणि आज खळ्यावरच्या त्या एका दुपारीत अडकून ती मरतही नव्हती.

"तिचीच व्हती ती हाक," उषाबाई म्हणाली.

"लई मारली का तिनं?"

"लई मारली."

"माझ्या उषेनं न्हाई मारली?"

"न्हाई. उषेनं न्हाई मारली, आई."

गोपिकाबाईंनी मोठा श्वास सोडला. बारा दिवस आवळलेला जबडा सैल पडला. त्यांनी चाचपडत उषाबाईचं मनगट धरलं.

"कोणी रडलं का गं तिच्यासाठी?"

"न्हाई."

"तिची आई?"

"तिला कळलंच न्हाई."

"असं कसं, बाई. लेकरू ते," म्हातारी म्हणाली, आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून तिनं हेल काढला. दैवशाला, माझे बाई, कुठं गेली गं, असं नाव घेऊन ती रडू लागली. आवाज बारीक होता, पण सूर जुन्या बायकांचा, अस्सल होता. केशरबाई खाली बसली आणि तीही रडायला लागली. कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं. उषाबाईनं पदर डोक्यावर ओढून तोंड झाकलं आणि त्यांच्या सुरात सूर मिळवला. त्या पोरीचा चेहरा ती आठवत होती. एक मूठ दिसत होती, तिच्यातून ओघळणारं गढूळ पाणी दिसत होतं. चेहरा काही येत नव्हता.

रडणं ऐकून शेजारच्या दोघी धावत आल्या. म्हातारी गेली असंच त्यांना वाटलं होतं. ती जिवंत आहे हे बघून त्या दारातच घोटाळल्या. मग कोण गेलं हे न विचारता त्याही भिंतीला टेकून बसल्या आणि रडू लागल्या.

दिवस कलला तसा आवाज आपोआप निवला. गोपिकाबाईंनी चार चमचे पेज घेतली आणि त्या झोपल्या. केशरबाईनं पाण्याचा तांब्या आणून रडून उठलेल्यांच्या रीतीप्रमाणे एकेकीपुढं धरला. शेजारणींनी चूळ भरली, डोळ्यांना पाणी लावलं आणि गेल्या. मग केशरबाई उषाबाईपुढं आली आणि थांबली. तिला काय म्हणून हाक मारावी हे केशरबाईला एकाएकी सुचेना. उषाबाईनं ओंजळ पुढं केली.